एअर रायफल आणि .२२ साठी क्रोनोग्राफ कोणता घ्यावा?

रायफलवाली_आई
नमस्कार. मुलगी चार वर्षं १० मीटर एअर रायफल खेळते, यंदापासून ५० मीटरवर .२२ ही गोळीची रायफल पण सुरू केलीये. रायफलींची साफसफाई, सिलिंडर भरणं, छर्रे निवडणं सगळं माझ्याकडे. गेले तीन आठवडे एक गोष्ट छळतेय. एअर रायफल जरा वेळ ठेवून पुन्हा उचलली की पहिला शॉट वर जातो, ९.९ किंवा १०.० गुण मिळतात. पुढचे सगळे नीट बसतात. कोच म्हणतात, पोझिशन अजून बसलेली नसते. मुलगी म्हणते, "आई, मी काहीच वेगळं करत नाहीये." तिचा चेहरा बघवत नाही, म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र, आणून वेग मोजूनच बघायचं ठरवलंय.

प्रकाशावर चालणारा घेऊ, नळीला बांधायचा घेऊ की रडारवाला? रेंज बंदिस्त आहे, वर ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना नेमबाज. पुढे .२२ च्या गोळ्यांचा लॉट (एकाच वेळी बनलेला गठ्ठा) निवडायलाही हाच वापरायचाय.

डॉपलरवाला
रडार घ्या ताई, दुसरा विचार नको. मी २०२३ मध्ये आलेला गार्मिन झेरो सी१ प्रो वापरतो. रायफलशेजारी टेबलावर ठेवायचा, बास. फायरिंग लाइनच्या पुढे कुणाला जावं लागत नाही, शेजाऱ्यांना थांबवावं लागत नाही. सेकंदाला १०० ते ५००० फूट एवढा त्याचा पल्ला, तुमचा छर्रा ५६० च्या आसपास, म्हणजे आरामात बसतो. आधी माझ्याकडे लॅबराडार हा दुसरा रडार होता. तो आवाजाने जागा व्हायचा, त्यामुळे शेजारच्याच्या शॉटलाही दाद द्यायचा, आणि एअर रायफलच्या बारीक आवाजासाठी वेगळा मायक्रोफोन जोडावा लागायचा.

जुना_आर्मरर
ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत, ते आधी वेगळे करा.

१० मीटरवर छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. लक्ष्यापर्यंत पोचायला सेकंदाचे सहा शतांश लागतात आणि तेवढ्यात तो १७ मिलिमीटर खाली येतो. वेग ५ मीटरने वाढला तर शॉट जेमतेम १ मिलिमीटर वर लागेल, म्हणजे दशांश गुणांत ०.४. छर्र्यांमधल्या एक-दोन मीटरच्या फरकासाठी जीव टाकू नका, तो लक्ष्यावर दिसतही नाही. .२२ ची गोष्ट निराळी. गोळी सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघाली तर ५० मीटरवर सुमारे १३ सेंटीमीटर खाली येते. तिथे १० मीटरचा फरक पडला की शॉट ८ मिलिमीटर सरकतो, आणि त्या लक्ष्यावर एका वर्तुळाची रुंदीच ८ मिलिमीटर. अख्खा गुण गेला. लॉट निवडायला क्रोनोग्राफ हवाच.

नळीला बांधायचा घेऊ नका. नळीवर वजन लटकलं की शॉट लागायची जागा बदलते, मग ग्रुप (शॉट किती जवळजवळ बसतात ते) आणि वेग एकाच वेळी बघता येत नाही.

प्रकाशावरचा वाईट नाही, पण त्याला जपावं लागतं. दोन डोळे, छर्र्याची सावली एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. डोळ्यांमध्ये ३० सेंटीमीटर अंतर असेल तर तुमच्या छर्र्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. यंत्र तिरकं राहिलं की छर्र्याची वाट लांबते आणि वेग कमी दिसतो. ट्यूबलाइट विजेबरोबर लुकलुकते, आपल्याला कळत नाही, त्याला कळतं. मग कधी आकडाच येत नाही, कधी भलताच येतो. बंदिस्त रेंजवर स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असलेलाच हवा.

माझा पहिला क्रोनोग्राफ मी स्वतःच्या गोळीने फोडला. .२२ ला दुर्बीण होती. दुर्बिणीतून यंत्राच्या दोन कांड्यांमधली जागा मोकळी दिसत होती. पण दुर्बीण नळीच्या साडेचार सेंटीमीटर वर बसलेली, आणि तीन मीटरवर गोळी अजून नजरेच्या रेषेखाली साडेतीन सेंटीमीटर होती. सरळ डब्याच्या पुढच्या काठात शिरली. तुकडे दोन लेन पलीकडे उडाले. कुणाला लागलं नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) काढून, नळीतून बघूनच उंची लावतो. आणि पुढे जायचं ते सगळ्यांचं फायरिंग थांबल्यावर, रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच.

आता तुमचा पहिला शॉट. मला रेग्युलेटरची, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची शंका येते. त्याची आतली सीट (हवा अडवणारी बैठक) झिजली की रायफल नुसती पडून असताना दाब हळूहळू चढतो आणि पहिला छर्रा जोरात जातो. रायफल टेकूवर ठेवा, पोझिशनमध्ये नको, म्हणजे मुलीचा हात मधे येणार नाही. पंधरा मिनिटं थांबा, मग दहा शॉट सारख्या लयीत. असं पाच वेळा करा. यासाठी विकत घ्यायची घाई नको, कुणाचा तरी तासभर मागून आणा.

आकडेमोड
आर्मरर काकांचं पटलं. लॉट निवडताना फक्त पाच शॉटांवर जाऊ नका. पाच शॉटांवरून वेगाचं प्रमाणित विचलन (शॉट सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात ते) ५ आलं, तर खरं ३ ते १४ मध्ये कुठेही असू शकतं. वीस शॉट घेतले तर हीच कक्षा ४ ते ७ च्या आसपास येते. गोळ्या खर्च होतात, पण पाचांवरून अख्खा लॉट उचलणं त्याहून महागात पडतं.

रायफलवाली_आई
क्लबमधल्या एका दादांकडून इन्फ्रारेडवाला मागून आणला. काकांनी सांगितलं तसंच केलं. पाचही वेळा पहिला शॉट सेकंदाला १७७ ते १७९ मीटर, आणि दुसऱ्यापासून १७० किंवा १७१. एकदाही चुकलं नाही. सहाव्यांदा मुद्दाम पंधरा मिनिटांऐवजी एकच मिनिट थांबले, तर पहिलाही १७१.

कोचना वही दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि स्वतःच रेग्युलेटर दुरुस्तीला न्यायला निघाले. .२२ साठी आता रडारच घेणार, फायरिंग लाइनच्या पुढे जायचं नाही यासाठीच.

रात्री मुलीने वही मागितली. पाचही पहिल्या आकड्यांभोवती तिने लाल पेनाने गोल केला आणि वही स्वतःच्या दप्तरात ठेवली.