मदत हवी आहे: पुस्तकातलं यान आणि पडद्यावरचं यान जुळत नाही

सांधेजोड (धागाकर्ता)
लवकर मदत हवी आहे. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचं मॉडेल करतोय. जोडणी झाली, पुटी भरून घासून झालं, प्राइमरही मारला. आता तबकडीच्या (यानाच्या पुढच्या गोल, चपट्या भागाच्या) कडेच्या खिडक्या रंगवायच्या आहेत आणि तिथेच घोडं अडलंय. पुस्तकातल्या आकृतीत एक दिसतं, मालिका थांबवून बघितली तर दुसरंच. एका प्रसंगात पुढच्या कडेला मोठ्या खिडक्यांची ओळ आहे, दुसऱ्यात ती नाहीच. कडेची जाडीसुद्धा कमी-जास्त वाटते. तीन रात्री पट्टी घेऊन मोजतोय. पुस्तक चुकलंय की मी चुकीचं बघतोय? एकदा रंग बसला की सगळं खरवडून काढावं लागेल, त्यामुळे खात्रीचं असेल तेच सांगा.

तिसरा_डोळा
कुठली एंटरप्राइज? मूळ मालिकेतली, चित्रपटांतली, की त्याच नावाची नंतरची यानं, डी किंवा ई? आणि कुठलं पुस्तक? नुसत्या यानांवरची आठ-दहा पुस्तकं तर माझ्याच कपाटात आहेत. एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुनी_वही
नुसतं 'एंटरप्राइज' म्हटलंय म्हणजे मूळच. फ्रान्झ जोसेफ यांचं १९७५ सालचं 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' मिळवा आणि बाकी सगळं मिटून ठेवा. हा माणूस विमानं बनवणाऱ्या कंपनीत आराखडे काढायचा, त्यामुळे रेष कशी मारायची हे त्याला ठाऊक होतं. लांबी २८९ मीटर, म्हणजे ९४७ फूट. त्याच वर्षी त्यांचा मजल्यांच्या आराखड्यांचा वेगळा संचही आला. माझ्याकडचा संच घड्यांवर फाटलाय, तरी मी अजून त्यावरूनच काम करतो.

निळीशाई
काका, जोसेफ यांच्याबद्दल मलाही आदर आहे, पण ९४७ फूट हा आकडा त्यांच्याही आधीचा. १९६८ साली मालिकेच्या निर्मितीवर पुस्तक निघालं त्यात तो छापलेला आहे. शिवाय त्यांच्या आराखड्यातला बाह्याकार चित्रीकरणाच्या मॉडेलशी तंतोतंत जुळत नाही. त्यावरून मॉडेल केलं तर ते जोसेफ यांचं यान होईल, पडद्यावरचं नाही.

जुनी_वही
पडद्यावरचं म्हणजे तरी कुठलं? ते मॉडेल अकरा फुटांच्या वर होतं आणि त्याची डावी बाजू पूर्ण केलेलीच नव्हती, दिव्यांच्या वायरी त्या बाजूने बाहेर काढायचे. कॅमेरा नेहमी उजव्या बाजूला. आज ते स्मिथसोनियनच्या विमान-अंतराळ संग्रहालयात आहे, २०१६ मध्ये डागडुजी होऊन परत मांडलं. मग डावी बाजू करणारा माणूस कशाकडे बघणार? कोणीतरी ती कागदावर पूर्ण करायला हवी होती, जोसेफ यांनी ती केली.

सांधेजोड
अहो, डी! खिडक्या म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. पुस्तक म्हणजे स्टर्नबाख आणि ओकुडा यांचं, 'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या मालिकेचं टेक्निकल मॅन्युअल. १९९१ चं. मूळ यानाबद्दल मी काहीच विचारलेलं नाही.

गतिरोधक
ते पुस्तक असेल तर वेगाचं प्रकरण आधी वाचा. मूळ मालिकेत वॉर्पच्या, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेग मोजायच्या आकड्याचा घन करायचा, म्हणजे वॉर्प ९ प्रकाशवेगाच्या ७२९ पट. नव्या मोजणीत तोच वॉर्प ९ साधारण १५१६ पट झाला आणि वॉर्प १० म्हणजे अनंत वेग. आलेखात ती रेघ शेवटी सरळ उभी चढते, ते पान मी शाळेत असताना वहीत उतरवून घेतलं होतं. गणित शिकायची गोडी मला तिथून लागली.

तिसरा_डोळा
प्रश्न खिडक्यांचा आहे.

कोपरा
किट कशाला रंगवत बसायचं? संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल घ्या, हव्या त्या स्केलला छापा. खिडक्या कोरूनच येतात, मागून दिवे सोडता येतात. मी दोन यानं तशी केली आणि किटकडे परत वळलो नाही.

निळीशाई
संगणकावरचं मॉडेल करणाऱ्यानेही हेच कुठून तरी मोजलेलं असतं. त्याने कुठलं यान मोजलं हा प्रश्न तसाच उरतो. सांधेजोड, स्केल काय? खिडक्यांची ओळ दिसली ते प्रसंग कुठल्या सीझनचे? आणि जुनी प्रत बघताय की ब्लू-रे?

सांधेजोड
स्केल १/१४००. ओळ दिसते ते प्रसंग तिसऱ्या सीझनपासूनचे. पण पाचव्या सीझनमध्येही काही ठिकाणी ती नाही, म्हणून तर डोकं चालेना. बघतोय ब्लू-रेवर. हे आधी सांगायला हवं होतं, मान्य.

निळीशाई
मग गुंता सुटला. तुम्ही एक नाही, दोन यानं मोजताय.

१९८७ मध्ये मालिका सुरू होताना दोन मॉडेलं झाली, एक सहा फुटांचं आणि एक दोन फुटांचं. दोन फुटांचं लांबून दिसणाऱ्या दृश्यांसाठी. तेव्हा टेन फॉरवर्ड, म्हणजे यानावरच्या लोकांची बसण्या-पिण्याची जागा, मालिकेत नव्हतंच. ते दुसऱ्या सीझनमध्ये आलं, आणि आलं ते थेट तबकडीच्या पुढच्या टोकाला, मोठाल्या खिडक्यांसकट. म्हणजे आत सेट उभा राहिला तरी बाहेरच्या मॉडेलवर त्याला जागा नव्हती. तिसऱ्या सीझनसाठी चार फुटांचं नवीन मॉडेल केलं. त्यात या खिडक्या आल्या, कड जाड झाली, पृष्ठभागावर पत्र्यांचे उंचसखल तुकडेही जास्त ठळक केले. तुम्हाला जाणवलेला जाडीचा फरक हाच.

आता पाचव्या सीझनचं कोडं. सहा फुटी मॉडेलवर सुरुवातीला घेतलेली दृश्यं शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वापरली गेली. त्यामुळे एकाच भागात यान ग्रहाभोवती फिरताना एक मॉडेल आणि दोन मिनिटांनी दुसरं असं होतं. जुन्या व्हिडिओत हे फारसं कळत नसे. २०१२ पासून ब्लू-रेसाठी मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून दृश्यं नव्याने जुळवली, तेव्हा फरक स्पष्ट दिसायला लागला.

तिसरा_डोळा
बरोबर. त्यात भर: तबकडी वेगळी होताना बघायची असेल तर सहा फुटीच बघावं लागेल. चार फुटीत ती सोय नव्हती.

सांधेजोड
म्हणजे पुस्तक चूक नाही?

निळीशाई
ते पुस्तक यान खरोखर अस्तित्वात आहे असं धरून लिहिलंय. लांबी ६४२.५ मीटर, ४२ मजले, आणि मजकुरात यान एकच. मुळात ते पटकथा लिहिणाऱ्यांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेतून वाढलं, चित्रीकरणाचं मॉडेल करणाऱ्यांसाठी नाही. लेखकांच्या टिपा मात्र सोडू नका. तिथे ते कथेतून बाहेर येऊन स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव त्या टिपांमध्ये आहे.

जुनी_वही
इथे मी पुस्तकाच्या बाजूने. मॉडेलं दोन असोत की तीन, कथेत यान एक आहे. ते कसं आहे हे ज्यांनी घडवलं त्यांनी लिहून ठेवलंय. तेच धरावं.

तिसरा_डोळा
माझ्यासाठी दिसलं ते खरं. पुस्तकावर सगळा भार टाकला की 'डीप स्पेस नाइन' या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेच्या १९९८ च्या मॅन्युअलसारखी अडचण होते. त्या मालिकेतल्या डिफायंट यानाची लांबी तिथे १७०.६८ मीटर छापली आहे, आणि पडद्यावर तेच यान दुसऱ्या यानांशेजारी कधी लहान, कधी मोठं दिसतं. मी डिफायंट त्या आकड्यावर केली आणि शेजारी ठेवलेल्या यानांशी तिचं प्रमाण मला अजून पटलेलं नाही.

कोपरा
डिफायंटवर वेगळा धागा काढा, मला खूप लिहायचं आहे.

निळीशाई
सांधेजोड, तुमच्या स्केलला यान सुमारे ४६ सेंटिमीटर होतं. एक मजला साडेतीन मीटर धरला तर अडीच मिलीमीटर. खिडकी त्याहूनही बारीक. म्हणजे तुम्ही ज्यावर अडलात तो जाडीचा फरक पट्टीच्या एखाद-दोन रेघांचा आहे. तो घासत बसू नका. टेन फॉरवर्डची ओळ द्यायची की नाही एवढं ठरवा, कारण तेवढीच लांबूनही ओळखू येईल. ओळ दिली तर पत्र्यांचे तुकडेही ठळक रंगवा. नाही दिली तर रंग सपाट आणि निळसर-करडा ठेवा. एकाच्या खिडक्या आणि दुसऱ्याचा पृष्ठभाग असं मिसळू नका.

गतिरोधक
सहा फुटी मॉडेल २००६ साली लिलावात ५,७६,००० डॉलरना गेलं. ते संग्रहालयात असायला हवं होतं, सगळ्यांना जवळून बघता आलं असतं.

जुनी_वही
यावर मात्र सहमत.

सांधेजोड
ठरलं. माझ्या किटची कड मोजली, बारीक आहे. म्हणजे सहा फुटी. खिडक्यांची मोठी ओळ देत नाही. खरं तर टेन फॉरवर्डच मला सगळ्यात आवडतं, म्हणून जिवावर येतंय, पण निळीशाई म्हणतात ते पटलं. आज मास्किंग टेप लावतो.

एक राहिलं: त्या निळसर-करड्याच्या दोन छटा आहेत ना? गडद छटा तबकडीच्या खालच्या बाजूलाही येते का?

तिसरा_डोळा
येते, पण खालच्या बाजूची नक्षी वरच्यासारखी नाही. खालून घेतलेलं पहिल्या सीझनचं एखादं दृश्य थांबवून बघा, आणि टेप लावण्याआधी बघा.