नेथन बकली : फ्लॅग नाही म्हणून कोच नापास?

कोलिंगवूडकर
इथे मेलबर्नमध्ये कोलिंगवूड क्लबच्या नेथन बकलीचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: खेळाडू महान, कोच फेल. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलशी ('फुटी', लीगचं नाव एएफएल) संबंध नाही त्यांच्यासाठी: अठरा-अठरा जणांचा खेळ, मैदान क्रिकेटचंच, गोलला सहा गुण आणि जरा बाजूने गेला तर एक. वर्षअखेरीस एमसीजीवर लाखभर लोकांसमोर ग्रँड फायनल. ती जिंकली म्हणजे 'फ्लॅग' मिळाला. फुटीवाल्यांच्या हिशेबात बाकी सगळं किरकोळ.

बकली 1993 ला ब्रिस्बेन बेअर्सकडून एक हंगाम खेळला, लीगचा पहिलावहिला 'रायझिंग स्टार' (सर्वोत्तम तरुण खेळाडू) ठरला आणि लगेच कोलिंगवूडला आला. 1999 ते 2007 कर्णधार. 2002 ची ग्रँड फायनल 9 गुणांनी हरला, 2003 ची 50 गुणांनी, आणि दोन्ही वेळा समोर ब्रिस्बेनच! 2002 ला सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल त्याला मिळालं, हरलेल्या संघात असून. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडलही 2003 ला गुड्स आणि रिचुटोबरोबर वाटून. 280 सामने खेळून निवृत्त झाला, एएफएलचा फ्लॅग एकही नाही.

कोच म्हणून तर सुरुवातच वाकडी. 2009 ला क्लबचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी जाहीर करून टाकलं की मिक माल्टहाउस 2011 पर्यंत कोच, त्यानंतर बकली. आणि झालं काय, माल्टहाउसने 2010 ला फ्लॅग आणला (सेंट किल्डाशी बरोबरी झाली म्हणून पुढच्या शनिवारी फायनल पुन्हा खेळवली होती) आणि 2011 ला परत फायनल गाठली. तरी ठरल्याप्रमाणे 2012 ला खुर्ची बकलीकडे. मग पहिल्या दिवसापासून लोक त्याच्याकडे 'जिंकणाऱ्याला उठवून बसलेला' म्हणून बघणार नाहीत तर काय?

2018 ला पर्थच्या वेस्ट कोस्टविरुद्ध पाच गुणांनी फायनल गेली, 2019 ला चार गुणांनी उपांत्य फेरी. दोन किक इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर हा धागा लागलाच नसता.

सरळसोट
खुर्ची वाकडी होती तर बसायचं नव्हतं. करारावर सही त्याचीही होती. माल्टहाउसने त्याच्या डोक्यावर 'डायरेक्टर ऑफ कोचिंग' होऊन बसायचं नाकारलं, त्यात बकली बिचारा कसा?

आणि तुम्ही मधली चार वर्षं अलगद उडी मारून गेलात. 2014, 15, 16, 17: फायनल्समध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, एकदाही नाही. 2017 ला तेरावा नंबर. दुसऱ्या कुठल्याही कोचला तेव्हाच नारळ मिळाला असता. क्लबने 'रिव्ह्यू' केला आणि वर दोन वर्षं वाढवून दिली. नाव बकली होतं म्हणून.

जुना_मॅगपाय
सरळसोट यांच्याशी सहमत. शिवाय 2010 च्या संघाचं त्याने काय केलं ते बघा. वेलिंगहॅम गेला, हीथ शॉ गेला, डेल थॉमस गेला (तोही कट्टर वैरी कार्लटनला!), डिडाकला सोडलं, बीम्स गेला, लुमुंबा गेला. तीन वर्षांत जिंकणारा संघ मोडीत.

डॉकलँड्सची_ताई
जुना_मॅगपाय, बीम्सच्या बदल्यात काय आलं ते लिहायचं राहिलं बहुतेक. ब्रिस्बेनने जॅक क्रिस्प दिला आणि ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पाचवा क्रमांक. त्या क्रमांकावर घेतला जॉर्डन डी गोई. त्याच 2014 च्या ड्राफ्टमध्ये डार्सी मूर आणि ब्रेडन मेनार्ड. आता आपण जिंकलेली 2023 ची ग्रँड फायनल आठवा. मूर कर्णधार, मेनार्ड मागच्या फळीत, क्रिस्प आहेच, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये डी गोईचा गोल. ज्या 2014 ला तुम्ही सगळे 'वाया गेलेलं वर्ष' म्हणता त्यातून फ्लॅगचा कणा आला.

मोडीत काढलेल्या संघाबद्दलही एक. पेंडलबरी आणि साइडबॉटम 2010 लाही होते आणि 2023 लाही. ज्यांच्यात दम होता त्यांना बकलीने ठेवलं.

सरळसोट
ताई, ड्राफ्ट करणारं खातं वेगळं असतं, कोच एकटा ठरवत नाही. आणि मूर 'फादर-सन' नियमाने आला, त्याचे वडील कोलिंगवूडचेच खेळाडू. त्यात शोधायचं काय होतं?

डॉकलँड्सची_ताई
मग खेळाडू गेल्याचं खापर तरी कोचवर कशाला? तेही त्याच खात्याचं.

पर्थवाला
2018 ची फायनल, डॉम शीडचा तो विजयी गोल. बाऊंड्रीला चिकटून. एवढंच लिहून रजा घेतो.

कोलिंगवूडकर
पर्थवाला, माहीत होतं तुम्ही येणार. त्या गोलआधी तुमच्या रिओलीने आमच्या मेनार्डला आडवलं तेव्हा शिट्टी वाजायला हवी होती की नाही, तेही लिहा जाताना.

पर्थवाला
पहिल्या क्वार्टरमध्ये पाच गोलांच्या आसपास आघाडी होती तुमच्याकडे. ती अंपायरने घालवली का?

निमूट
फुटीतलं फार कळत नाही, पण हे सगळं वाचून ग्रेग चॅपल आठवला. स्वतःला जे सहज जमतं ते समोरच्याला का जमत नाही हे अशा लोकांना उमगत नाही. बकलीबद्दलही पहिल्या काही वर्षांत हेच बोललं जायचं ना, की फार ताठ आहे?

कोलिंगवूडकर
बोललं जायचं, आणि त्यात तथ्य होतं. पण इथेच तुलना संपते. चॅपल दोन वर्षांत गेला, बकलीला बदलायला वेळ मिळाला आणि तो बदलला. 2017 पर्यंतचा बकली आणि 2018 चा बकली ही वेगळी माणसं वाटतात. तेराव्या नंबरचा संघ वर्षभरात फायनलला, तेही जखमींची मोठी यादी सांभाळत. शिवाय 2021 च्या जूनमध्ये, हंगामाच्या मध्यावर गेला, तेव्हा शेवटचा सामना त्या वर्षी पुढे विजेता ठरलेल्या मेलबर्नशी होता. संघ 17 गुणांनी जिंकला. ज्याच्यावरून मन उडालंय अशा कोचसाठी पोरं असं खेळत नाहीत.

भटकभवानी
लुमुंबाचं नाव वर यादीत नुसतंच आलंय. 2010 चा फ्लॅग जिंकणाऱ्या या खेळाडूने क्लबमधल्या वर्णद्वेषाबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं. 2021 च्या फेब्रुवारीत क्लबच्याच अहवालात 'सिस्टेमिक' वर्णद्वेष असल्याचं छापून आलं आणि मॅग्वायरना पद सोडावं लागलं. दहा वर्षं ड्रेसिंग रूम ज्याच्या ताब्यात होती त्याचं मोजमाप फक्त गुणांच्या फरकाने करणार आहात का?

डॉकलँड्सची_ताई
हा मुद्दा मान्य, आणि माझ्या मते हीच त्याच्या कारकिर्दीतली खरी उणी बाजू. फ्लॅग नाही ही नव्हे.

जुना_मॅगपाय
माल्टहाउस राहिला असता तर अजून दोन फ्लॅग आले असते. माझं हे मत मरेपर्यंत बदलणार नाही.

कोलिंगवूडकर
तोच माल्टहाउस 2013 ला कार्लटनला गेला आणि 2015 च्या मध्यात त्याला काढलं. त्याच वर्षी त्याने जॉक मॅकहेलचा कोच म्हणून 714 सामन्यांचा विक्रम मोडला तो सामना कोलिंगवूडशीच होता. कोण जिंकलं, सांगू?

सरळसोट
कार्लटनमध्ये तेव्हा देव आला असता तरी काढला असता, तो दाखला नको.

माझा मुख्य मुद्दा अजून तसाच आहे. 2021 ला संघ सतरावा. क्रेग मॅक्रे आला आणि 2022 ला चौथा, 2023 ला फ्लॅग. (हाच मॅक्रे 2002 आणि 2003 ला ब्रिस्बेनकडून बकलीला हरवणाऱ्यांत होता, ते वेगळंच.) ताई म्हणतात तसा कणा बकलीचा असेल, तर त्याच कण्याला घेऊन तो स्वतः सतराव्या नंबराकडे का चालला होता?

डॉकलँड्सची_ताई
निक डेकोस, टॉम मिचेल, बॉबी हिल. तिघेही बकली गेल्यावर आले, आणि 2023 चं नॉर्म स्मिथ मेडल हिलला मिळालं. हे तिघे 2021 ला द्या त्याला, मग बोलू.

सरळसोट
म्हणजे फ्लॅग नव्या माणसांनी आणला हे तुम्हीच कबूल केलंत. आणि धागाकर्ते, 2018 चे पाच गुण नशिबाचे असतील तर 2023 ला मॅक्रे चारच गुणांनी जिंकला, ते काय? की आपला हरला की नशीब आणि दुसरा जिंकला तरी नशीबच?