गाडीतलं एसओएस बटण, ईकॉल आणि ॲपवरून दार उघडणं: आतून हे चालतं कसं?

चाकोरी यांचा प्रश्न:

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत आरशाच्या वर, छताला झाकणाखाली लाल एसओएस बटण असतं. शेजारी पान्याचं चिन्ह असलेलं दुसरं बटण असतं आणि वर कंपनीचं ॲप. पुस्तिकेत "आपत्कालीन मदत उपलब्ध" एवढंच लिहिलेलं असतं. मला आतली रचना समजून घ्यायची आहे.

१. अपघातात फोन कोण लावतं, गाडी की खिशातला मोबाइल?
२. धडकेत पुढची बॅटरीच चिरडली तर?
३. पलीकडे नेमकी कोणती माहिती जाते? गाडी कायम आपला माग काढत असते का?
४. वर्गणी संपल्यावर काय उरतं?
५. बटण चालू आहे हे दाबून न बघता कसं तपासायचं?

---

तारजोड यांचं उत्तर:

आधी दोन प्रकार वेगळे करू, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. एका प्रकारात गाडी ब्लूटूथने जोडलेल्या तुमच्या मोबाइलवरून आपत्कालीन नंबर लावते. मोबाइल जोडलेला नसेल, बंद पडला किंवा काचेतून बाहेर फेकला गेला, तर तो प्रकार तिथेच संपला. दुसऱ्या प्रकारात गाडीचं स्वतःचं मोडेम, सिम आणि अँटेना असतात. पुस्तिकेत "फोन जोडलेला असणं आवश्यक" असं वाक्य असेल तर पहिला प्रकार समजा. पुढचं सगळं दुसऱ्याबद्दल आहे.

धडक ओळखण्याचं काम एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचं. एअरबॅग किंवा सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा खेचून घट्ट करणारे भाग) उडवायचे की नाही, हा निर्णय ते काही मिलिसेकंदांत घेतं, आणि तोच निर्णय टीसीयूला म्हणजे टेलिमॅटिक्स युनिटला कळवतं. हा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्या सामायिक वायरवरून जातो, काही गाड्यांत त्यासाठी वेगळी वायरही असते. एअरबॅग युनिटमध्ये मोठे कपॅसिटर असतात, म्हणून मुख्य वायर तुटली तरी एअरबॅग उडवून निरोप धाडण्याइतकी वीज त्याच्यापाशी उरते. एअरबॅग न उडणाऱ्या हलक्या धडकेत आपोआप कॉल जात नाही. तिथे बटण आपणच दाबायचं.

टीसीयू गाडीतला रेडिओ गप्प करतं आणि कॉल लावतं. युरोपात तो ११२ या आपत्कालीन नंबरावर जातो, आणि या व्यवस्थेलाच ईकॉल म्हणतात. ३१ मार्च २०१८ पासून तिथे नव्याने मंजुरीला येणाऱ्या प्रवासी गाड्या आणि हलक्या मालवाहू गाड्यांच्या मॉडेलना हे सक्तीचं आहे. कॉलसोबत "हा ईकॉल आहे, आपोआप लागलेला" किंवा "हाताने लावलेला" अशी खूण जाते, त्यावरून नेटवर्क तो योग्य नियंत्रण कक्षाकडे वळवतं. आपत्कालीन कॉल असल्यामुळे स्वतःच्या ऑपरेटरचा सिग्नल नसला तरी जे नेटवर्क मिळेल त्यावरून तो लागतो.

माहितीच्या पुडक्याला एमएसडी म्हणतात. कमाल १४० बाइट, म्हणजे एका एसएमएसमध्ये मावेल इतकंच. त्यात असतं ते असं: वेळ, चासी नंबर, गाडीचा प्रकार, इंधन (पेट्रोल, डिझेल, सीएनजी, एलपीजी, वीज, हायड्रोजन), कॉल आपोआप की हाताने, अक्षांश-रेखांश आणि ते भरवशाचे आहेत की नाहीत याची खूण, गाडीच्या तोंडाची दिशा २ अंशांच्या पायऱ्यांत. गाडी त्याआधी जिथे होती ती दोन ठिकाणं आणि लावलेल्या सीटबेल्टवरून काढलेली माणसांची संख्याही त्यात जाऊ शकते. दिशा आणि ही आधीची ठिकाणं फार मोलाची, कारण दुभाजक असलेल्या महामार्गावर गाडी कुठल्या बाजूला आहे हे नुसत्या एका बिंदूवरून कळत नाही. रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने निघाली तर पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं. इंधनाची नोंद अग्निशमन दलासाठी. पत्रा कापण्याआधी आत हाय व्होल्टेजची केबल आहे की गॅसची टाकी, हे त्यांना माहीत हवं.

हे १४० बाइट इंटरनेटवरून जात नाहीत. ते त्याच फोन कॉलमधून, आवाजाच्या वाटेने, सुरांच्या रूपात जातात. जुनं फॅक्स मशीन जसं लाइनवर किरकिरायचं, तसंच. त्या वेळात गाडीतला स्पीकर आणि माइक दोन्ही बंद ठेवतात. लाइन चांगली असेल तर चारेक सेकंदांत काम होतं. वाईट असेल तर २० सेकंदांपर्यंत प्रयत्न चालतो आणि मग माहिती न पोचताही बोलणं सुरू होतं. म्हणून कॉल लागल्यावर एकदम शांतता झाली तर फोन तुटला असं समजू नका. बटण पुन्हा दाबू नका, थांबा. नियंत्रण कक्षाने माहिती पुन्हा मागवली तर बोलता बोलता मध्येच तशीच शांतता येते.

माग काढण्याबद्दल: ११२ चा सरकारी ईकॉल एरवी झोपलेला असतो. फक्त ईकॉलसाठीच असलेलं सिम प्रसंग येईपर्यंत नेटवर्कवर नोंदच करत नाही, आणि आतल्या स्मृतीत शेवटच्या तीन जागांपलीकडच्या जागा पुसल्या जात राहतात, असा नियमच आहे. मात्र त्याच डब्यातून कंपनीचं ॲप चालत असेल तर त्या सेवेसाठी मोडेम नेटवर्कवर असतंच. तिथे जागेची माहिती कोणाला मिळावी हे तुम्ही सेटिंगमध्ये काय ठेवलंय त्यावर.

---

पाना_१३ यांचं उत्तर:

दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण प्रत्यक्षात दुखणं इथेच निघतं.

टीसीयूच्या आत किंवा शेजारी छोटी बॅकअप बॅटरी असते, निकेल-मेटल हायड्राइड किंवा लिथियम जातीची. आंतरराष्ट्रीय नियमात तिच्याकडून अपेक्षा अशी: निदान ५ मिनिटं बोलणं, मग ६० मिनिटं परतीच्या फोनची वाट पाहणं, आणि शेवटी पुन्हा ५ मिनिटं बोलणं. या साठ मिनिटांत नियंत्रण कक्षाचा फोन आला तर गाडी तो आपोआप उचलते, कोणाला हात लावावा लागत नाही.

ही बॅटरी उन्हाने आणि वयाने मरते, आणि मरताना फसवते. मीटर लावला तर व्होल्टेज ठीक दिसतं. पण टू-जी नेटवर्कवर मोडेम प्रक्षेपण करताना क्षणाक्षणाला २ ॲम्पिअरच्या आसपास ओढतं. आतला रोध वाढलेली जुनी बॅटरी त्या झटक्याला बसते, मोडेम रीसेट होतं, कॉल लागतच नाही. म्हणून मोजायची तर लोडखाली, म्हणजे तिच्यातून वीज ओढली जात असताना मोजायची. टीसीयू स्वतःही अधूनमधून तिची चाचणी घेतं आणि नापास झाली की एसओएसचा दिवा किंवा मीटरवर संदेश देतं. मुख्य बॅटरी धडधाकट असताना गाडी मस्त चालते, म्हणून लोक तो दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. त्या काळात पुढून जोरदार धडक बसून मुख्य बॅटरी गेली तर कॉल जाणार नाही.

बदलताना: इग्निशन बंद, गाडीचे मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा, मुख्य बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग बॅकअपचा कनेक्टर. त्याच जातीचीच बॅटरी घाला. चार्जिंगची पद्धत रसायनावर ठरलेली असते. नंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने बॅटरीच्या वयाचा काउंटर शून्यावर आणावा लागतो, नाहीतर नवीन बॅटरी घालूनही दिवा जात नाही.

तपासणी या क्रमाने करा. इग्निशन चालू केल्यावर एसओएसचा दिवा स्वचाचणीत काही सेकंद कसा वागतो हे पुस्तिकेशी ताडून पाहा. दिवा अजिबात लागलाच नाही तर तेही दुखणंच. मग स्कॅनरने टीसीयूचे कोड वाचा: अँटेना ओपन (म्हणजे जोडणी तुटलेली), माइक ओपन, स्पीकर शॉर्ट, बॅटरी, सिम. शेवटी वर्कशॉपमधून चाचणी कॉल. हा सर्व्हिस मोडमधून लागतो, वेगळ्या नंबरावर जातो आणि एमएसडीमध्येही "चाचणी" अशी खूण असते. लाल बटण दाबून बघणं म्हणजे खऱ्या नियंत्रण कक्षाची लाइन अडवणं, ते करू नये.

वर्कशॉपमध्ये हमखास होणाऱ्या चुका:

– काच, सनरूफ किंवा छताचं अस्तर बदलताना वरच्या कन्सोलचा कनेक्टर अर्धवट बसतो. कॉल लागतो, पण आतला आवाज बाहेर जात नाही.
– बाहेरचा म्युझिक सिस्टिम बसवला की, ज्या गाड्यांत कॉलचा आवाज मूळ ॲम्प्लिफायरमधून येतो त्यांत तो येणं थांबतं. पलीकडे तुमचं ऐकू जातं, तुम्हाला त्यांचं नाही.
– जीपीएसची अँटेना डॅशबोर्डखाली असेल आणि पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म लावली, तर जागा उशिरा मिळते किंवा भरवशाची नाही अशी खूण पडते.
– अपघातानंतर दुसऱ्या गाडीचा टीसीयू बसवून चासी नंबर कोड न करणं. ही सगळ्यांत वाईट. अपघाताच्या वेळी भलत्याच गाडीची माहिती जाते, इंधनाच्या नोंदीसकट.

---

चाकोरी:

खूप स्पष्ट झालं, दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या. जुनी टू-जी, थ्री-जी नेटवर्कं बंद झाली तर या गाड्यांचं काय? आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा गाडी बरेच दिवस उभी असली की ॲपवरून दार का उघडत नाही?

---

टॉवरखाली यांचं उत्तर:

नेटवर्कची काळजी रास्त आहे. आवाजातून सूर पाठवणारा ईकॉल टू-जी आणि थ्री-जीच्या सर्किट पद्धतीच्या, म्हणजे कॉलभर एक सलग वाट राखून ठेवणाऱ्या कॉलसाठी घडवलेला आहे. फोर-जीवर आवाज पाकिटांतून जातो. त्यात मागेपुढे होणं, मधल्या यंत्रांनी आवाजाचं रूपांतर करणं, प्रतिध्वनी काढणं हे सगळं चालतं. माणसाच्या कानाला ते खपतं, मोडेमच्या सुरांची मात्र वाट लागते. शिवाय जुन्या टीसीयूत फोर-जीचं मोडेमच नसतं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलूनही भागत नाही. अमेरिकेत हे दोनदा घडलं आहे: २००८ मध्ये ॲनालॉग नेटवर्क बंद झालं तेव्हा आणि २०२२ मध्ये थ्री-जी गेलं तेव्हा. त्या गाड्यांतली अपघाताची आपोआप सूचना बंद पडली. बटण तेवढं जागेवर राहिलं.

नव्या पिढीच्या ईकॉलमध्ये एमएसडी कॉल लावण्याच्या विनंतीसोबतच जातो, त्यामुळे ती सुरुवातीची शांतताही नसते. युरोपात १ जानेवारी २०२६ पासून नव्या मॉडेलना आणि १ जानेवारी २०२७ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना तो लागू आहे. जुनी गाडी विकत घेताना टीसीयूचं मोडेम कुठल्या पिढीचं आहे हे भाग क्रमांकावरून विचारून घ्या. एअरबॅगची चौकशी करतो तशीच ही करायला हवी.

आता ॲप. तुम्ही "उघड" दाबता तेव्हा आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. तो टीसीयूला जागवतो, चालू डेटा जोडणीवरून किंवा एसएमएस धाडून. टीसीयू खूण पटवून घेतं, गेटवेमधून (गाडीतल्या निरोपांच्या नाक्यावरून) बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दारं-दिवे सांभाळणाऱ्या युनिटला सांगतं आणि ते कुलपाची मोटर फिरवतं. तळघरात सिग्नल नाही, म्हणजे जागवणारा निरोपच पोचत नाही. ब्लूटूथ किंवा एनएफसीवर (मोबाइल दाराला टेकवून चालणाऱ्या जवळच्या रेडिओवर) चालणारी डिजिटल चावी तिथे कामी येते, कारण तिला नेटवर्क लागत नाही.

बरेच दिवस उभ्या गाडीचं कारण वीज. झोपलेली गाडी सगळं मिळून ५० मिलिॲम्पिअर खात असेल तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, महिन्याला ३६. साठच्या बॅटरीतून ३६ गेले तर इंजिन फिरेल याची खात्री नाही. म्हणून काही दिवस गाडी हलली नाही की टीसीयू गाढ झोपेत जातं आणि दूरच्या आज्ञा ऐकणं थांबवतं. एकदा चावीने उघडून इग्निशन चालू केलं की पूर्ववत.

चोरीच्या गाडीबद्दलही गैरसमज असतो. दूरवरून चालत्या गाडीचं इंजिन खाडकन बंद करत नाहीत. तसं केलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते. पुढच्या वेळी स्टार्ट होऊ न देणं किंवा वेग हळूहळू उतरवणं, एवढंच करतात.

वर्गणी: पान्याचं बटण (गाडी बिघडल्यावर मदत मागायचं), ॲप, दूरून निदान हे वर्गणीवर. युरोपातला ११२ चा ईकॉल फुकट आणि गाडीच्या आयुष्यभरासाठी. कंपनीच्या स्वतःच्या केंद्रातून जाणारी ईकॉल सेवा असेल तर ती चालत नसताना गाडीने आपोआप ११२ वर जायला हवं, आणि मालकाला केव्हाही थेट ११२ निवडता आलं पाहिजे. गाडी विकताना मात्र दोन जागी पुसावं लागतं: गाडीतलं फॅक्टरी रीसेट आणि ॲपच्या खात्यातून गाडी काढणं. नुसतं पहिलं केलं तर जुन्या मालकाच्या मोबाइलवरून दार उघडत राहू शकतं.

---

हेडसेट यांचं उत्तर:

नियंत्रण कक्षात कॉल घेणाऱ्याच्या बाजूने थोडी भर.

चुकून बटण दाबलं गेलं तर कॉल जोडला जाण्याआधी तो रद्द करता येतो. धडकेने आपोआप लागलेला मात्र आतून रद्द होत नाही. जोडला गेलाच तर घाबरून गाडी बंद करून निघून जाऊ नका. थांबून "चुकून लागला, सगळे ठीक आहेत" असं सांगा. आवाजच आला नाही तर आम्ही आतली माणसं बेशुद्ध आहेत असं धरून पथक पाठवतो.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर आपल्या गाडीचं लाल बटण दाबणं योग्यच आहे. फक्त पहिल्याच वाक्यात सांगा की अपघात दुसऱ्या गाडीचा आहे, आणि ती पुढे आहे, मागे आहे की पलीकडच्या बाजूला. आमच्या पडद्यावर तुमची जागा, तुमचा चासी नंबर आणि तुमच्या गाडीचं इंधन दिसत असतं. समोरची पेटलेली गाडी विजेवर चालणारी असेल आणि तुमची डिझेल, तर आम्हाला डिझेलच दिसणार.

बोगद्यात जीपीएस नसतं. गाडी चाकांच्या फेऱ्या आणि जायरोवरून (वळण मोजणाऱ्या सेन्सरवरून) जागेचा अंदाज बांधते, पण लांब बोगद्यात चूक साठत जाते. आत भिंतीवर अंतराचे किंवा आपत्कालीन दारांचे क्रमांक लिहिलेले असतात. दिसला तर तोच आधी सांगा, नंतर किती जण जखमी ते.