प्रतिसाद: १०० एमबीपीएस असूनही मॅच का अडकते

घरी १०० एमबीपीएसचं इंटरनेट घेऊनही टीव्हीवर ॲपमधली मॅच अडकते, म्हणून केबल टीव्हीच बरा, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. पटत नाही. एचडी मॅचला १० एमबीपीएस पुरतात. दोष बहुतेकदा घरातल्या वायफायचा असतो. सोलापूरच्या साखर पेठेसारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं, आजूबाजूचे सगळे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यावर गर्दी करून, त्यात टीव्ही आतल्या खोलीत. वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीपलीकडे टिकत नाही. म्हणून राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ कॅट-६ प्रकारची नेटवर्क वायर टाका. ही वायर जिथे लागते ते टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असलं तरी पुष्कळ झालं.

विकेटचा ओरडा शेजारून आधी ऐकू येतो, ते मात्र वायरने जाणार नाही. स्ट्रीम काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि प्लेअर दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवतो. मध्ये अडकली की हा उशीर आणखी वाढतो. तेव्हा ‘लाइव्ह’ बटण दाबा किंवा ॲप बंद करून पुन्हा उघडा.

आणि वीज गेल्यावरही मॅच बघायची तर, घरात इन्व्हर्टर असल्यास राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या. नुसता टीव्ही चालू राहून उपयोग नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा मिळतो, पण राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या.