आल्टर्ड कार्बन: युद्धाची कादंबरी की शरीराची?

ऐरोलीकर:
रिचर्ड मॉर्गनची ही २००२ ची कादंबरी सगळे डिटेक्टिव्ह स्टोरी म्हणून रेकमेंड करतात, पण माझ्या मते ती मुळात युद्धाची कादंबरी आहे. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, माणसाच्या सगळ्या आठवणी मानेत बसवलेल्या छोट्या स्टॅकमध्ये साठवतात, अंग मेलं की स्टॅक दुसऱ्या अंगात, अंगाला तिथे नुसतं स्लीव्ह म्हणतात. नायक ताकेशी कोवाच माजी एन्व्हॉय, म्हणजे असा सैनिक ज्याचं मन डेटा म्हणून दुसऱ्या ग्रहावर पाठवतात आणि तिथे मिळेल त्या अंगात तो लढतो. आणि सैन्यातून सुटल्यावर बहुतेक ग्रहांवर अशा माणसाला सरकारी पदाची बंदी, कारण ज्यांनी घडवला त्यांनाच त्याची भीती! खून कोणी केला यात मला फार रस नाही वाटला, पण इनेनिनच्या लढाईत व्हायरसने मेंदू पोखरलेला जिमी डी सोटो स्वतःचा डोळा उपटून काढतो ते अजून डोक्यातून जात नाही.

नौपाड्याहून:
अजिबात पटलं नाही. जिमी कितीसा आहे पुस्तकात? आठवण म्हणून येतो, कोवाचला दुःखी करतो आणि जातो. इनेनिनला राहणाऱ्या साध्या लोकांचं काय झालं ते कोण सांगतं? युद्ध त्याने खरं लिहिलं ते पुढच्या भागात, ब्रोकन एंजल्समध्ये. इथे विषय आहे शरीर. कोवाचला रायकर नावाच्या पोलिसाचं अंग मिळतं, ते अंग सारखी सिगारेट मागतं, आणि रायकरची मैत्रीण ऑर्टेगा समोर आली की मन काहीही म्हणो, अंग आधी ओढलं जातं. तिलाही माहितीये आत दुसराच कोणीतरी आहे, तरी ती त्या चेहऱ्याकडे बघत राहते. मन म्हणजेच माणूस असं पुस्तक सांगतं आणि पानोपानी स्वतःच ते खोटं पाडतं, माझ्यासाठी पुस्तकाची ताकद तिथे आहे.

कळव्याहून:
यात नवीन काय पण? वासांसि जीर्णानि आपण लहानपणापासून ऐकतोय, जुना कपडा टाकायचा नवा घालायचा.

नेरूळकर:
नाही हो, तिथेच तर फरक आहे. गीतेतला आत्मा शस्त्राने तुटत नाही, आगीने जळत नाही. स्टॅक एका गोळीत फुटतो आणि बॅकअप नसेल तर मग खरा मृत्यू, परत येणं नाही. शिवाय (स्पॉयलर आहे) शेवटाकडे कोवाच एकाच वेळी दोन अंगांत असतो, दोघेही खरे, दोघांनाही सगळं आठवतंय, आणि नंतर एकालाच ठेवायचं म्हणून ते दोघं हाताने दगड-कागद-कात्री खेळून ठरवतात कोण पुसला जाणार. मी तो भाग वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं. हे गीतेत कुठे बसतं सांगा.

ऐरोलीकर:
नेरूळकर, हा मुद्दा भारी. पण मग स्टॅक आणि स्लीव्ह कोणाच्या मालकीचे हेही बघा ना. मी रबाळेच्या बाजूने रोज जातो, तिथली डेटा सेंटरं बघितली की कळतं डेटा हवेत नसतो, त्याला जागा लागते, वीज लागते, कूलिंग लागतं आणि बिल भरणारा मालक लागतो. ज्याच्या मृत्यूचा तपास कोवाच करतो तो अतिश्रीमंत बॅनक्रॉफ्ट दर ४८ तासांनी मनाचा बॅकअप घेऊ शकतो, त्याचे क्लोन तयार असतात. आणि या पुस्तकावरच्या २०१८ च्या सिरीजमध्ये गरीब आईबापांना त्यांची मेलेली लहान मुलगी परत मिळते ती वयस्कर बाईच्या अंगात, कारण सरकारकडे तेच शिल्लक होतं. कैद्याचं मन स्टोअरेजमध्ये आणि अंग भाड्याने दुसऱ्याला. अंग असं सुटं करता आलं म्हणूनच एन्व्हॉय शक्य झाले ना, म्हणून मी युद्धाची म्हणतोय.

नौपाड्याहून:
ही श्रीमंत-गरिबाची गोष्ट झाली, तेवढी मान्य, युद्धाची अजूनही नाही. आणि शरीर म्हणजेच मी असं ठामपणे म्हणणारे पुस्तकात कोण आहेत, तर कॅथलिक. ते दुसरं अंग घेत नाहीत, म्हणून त्यांचा खून केला तर साक्ष द्यायला मेलेला माणूस परत येत नाही, खुन्याला याहून सोयीचं काय? एवढा जबरदस्त पेच हातात असून एकाही कॅथलिकाचं म्हणणं मॉर्गन आतून ऐकवत नाही, कोवाच त्यांना तुच्छ लेखून पुढे जातो. त्यांच्यातल्या एखादीच्या नजरेतून अर्धी कादंबरी हवी होती मला.