क्राकुवचा रिनेक ग्वुव्नी : नेमकी माहिती हवी

पोलंडमधल्या क्राकुव शहराचा हा बाजारचौक १२५७ साली आखला गेला. प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर. 'भारी आहे, नक्की जा' हे सगळीकडे वाचून झालंय. वेळा, तिकिटं आणि लोक कुठे चुकतात, तेवढं लिहा.

*

मुख्य स्टेशनपासून फ्लोरियान वेशीतून चालत १०-१५ मिनिटं. चौकात ट्राम येत नाही, जुन्या शहराभोवतीच्या प्लांती बागेच्या कडेकडेने जाते. दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढत नेणं त्रासाचं. सामान आधी मुक्कामी टाकावं.

*

सेंट मेरी चर्चचं मुख्य दार प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी आहे. पर्यटकांचं दार बाजूला, आणि तिकीट चर्चबाहेर वेगळ्या खिडकीवर. आधी दाराशी रांग लावणारे हमखास परत पाठवले जातात. शिल्पकार फाइट श्टॉसची लाकडी वेदी (१४७७–८९) ११:५० ला उघडतात. साडेअकरालाच आत असावं, कारण मिटलेल्या पंखांवरचं (वेदीच्या दारासारख्या झापांवरचं) कोरीवकाम उघडल्यावर दिसत नाही. रविवारी सकाळी पर्यटकांना प्रवेश नसतो.

*

वेदी बघत बसलात तर बाराचा हेयनाव (चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारी तुतारीची धून) आतूनच ऐकावा लागेल. बिघडत नाही, तुतारी दर तासाला वाजते, अगदी रात्रीसुद्धा. दोन मनोऱ्यांपैकी उंच मनोऱ्यावरून अग्निशमन दलाचा माणूस तीच धून चार दिशांना चार वेळा वाजवतो. पहिली वाव्हेल किल्ल्याकडे, दुसरी चौकाकडे. म्हणून सूर आला आणि खिडकीत कुणी दिसेना, तर जागा सोडू नका. धून मध्येच तुटते, ती तशीच आहे.

*

चौकाच्या मधल्या सुकिएन्नीत्सेखालचं (जुन्या कापडबाजाराखालचं) भूमिगत संग्रहालय (२०१० पासून) चुकवू नका. माझ्या मते वरच्या दुकानांपेक्षा तेच पाहण्यासारखं. प्रवेश ठरावीक वेळेचा आणि मोजक्या माणसांना, त्यामुळे उन्हाळ्यात ऐनवेळी तिकीट मिळेलच असं नाही. ऑनलाइन घ्यावं. उतरण्याआधी चौकाच्या कोपऱ्यातलं सेंट अॅडलबर्टचं चिमुकलं चर्च बघा. त्याची जुनी जमीन आजच्या फरशीच्या बरीच खाली आहे. शतकानुशतकं थरावर थर चढत चौक उंच झाला, हे तिथे चटकन कळतं.

नगरभवनाचा फक्त मनोरा उरलाय, बाकी इमारत १८२० मध्ये पाडली. जिने अरुंद आणि उभे; गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

*

पैशांचं : एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम कापू का' विचारलं की नाही म्हणायचं, झ्लॉटीतच (पोलंडच्या चलनात) घ्यायचे. हो म्हटलं की दर यंत्राचा लागतो, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो. चलन बदलणाऱ्या दुकानात (पाटी 'कांतोर') तुम्ही युरो देणार असाल तर त्यांचा खरेदीचा दर बघा. बाहेर ठळक लिहिलेला आकडा बऱ्याचदा विक्रीचा असतो. नोटा देण्याआधी हातात किती झ्लॉटी पडतील ते विचारून घ्या.

*

अंबर (दागिन्यांत वापरतात तो जीवाश्म राळेचा खडा) घेणाऱ्यांसाठी : काच हाताला गार आणि जड लागते, अंबर हलका नि कोमट. प्लास्टिक मात्र या परीक्षेत पास होतं, त्यामुळे प्रमाणपत्र मागाच.