जुन्या शिडाच्या बोटीचे हँडरेल बदलायचे आहेत

प्रश्न: बोट मुंबईला आहे, फायबरची, जुनी. केबिनच्या छतावरचे सागवानी हँडरेल (धरायचे दांडे) हलतात, स्क्रूपाशी पाणी झिरपतं. नवे रेल नागपुरातच करून नेईन म्हणतो. फटीत सिलिकॉन भरून भागेल का?

उत्तर १: नाही भाऊ. छताच्या दोन थरांमधला गाभा, म्हणजे प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड, कुजतो, खरं दुखणं ते. स्क्रू काढून भोकात वाकडी तार फिरवा. काळा ओला भुगा आला तर तेवढं खरवडून पूर्ण वाळवा. ६ मिमी बोल्टसाठी वरचा थर आणि गाभा १२ मिमी मोकळा करा, खालून टेप लावा, घट्टपणासाठी सिलिकाची पूड मिसळलेलं इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारा गोंद) भरा. कडक झाल्यावर मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. मग सील गेलं तरी गाभा कोरडा राहतो.

उत्तर २: बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, ३०४ खाऱ्या हवेत लवकर डागाळतो. भोकाचं तोंड किंचित पसरट करून तिथे ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) बसवा. कसताना वरचं डोकं धरून ठेवा, आतला नट फिरवा, नाहीतर टेप पिळवटून फाटते. नटाखाली रुंद पट्टी हवीच, माणसाचा अख्खा भार त्यावर येतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कसा.

उत्तर ३: सागवान बल्लारशाचं, सरळ रेषांचं बघा. दोन फळ्या जोडणार असाल तर आधी अ‍ॅसिटोनने पुसा, लाकडातलं तेल जोड धरू देत नाही. आणि मे महिन्यात इपॉक्सी पहाटेच कालवा, थोडं थोडं, पसरट भांड्यात. दुपारी ते हातातच तापून घट्ट होतं.